ऐंशी घरांची ओळ

कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री या तीन कळा एकदम दाबल्या की लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा चेहरा क्षणात बदलतो. खिडक्या, चित्रे, कोपऱ्यातले घड्याळ, सूचनांच्या रंगीत टिकल्या, सगळे नाहीसे होते. उरतो काळा पडदा. त्यावर करड्या अक्षरांत यंत्राचे नाव, पुढे लॉगिन हा शब्द आणि त्याच्याही पुढे लुकलुकणारी एक आडवी रेघ. हा टेक्स्ट कन्सोल. संगणक सुरू होताना पहिले शब्द याच पडद्यावर उमटतात, आणि खिडक्यांचा सगळा डोलारा कोसळला तरी बोलायला हाच मागे उरतो. एरवी तो दिसत नाही, पण रंगीत पडद्यामागे जागा असतो.

मला हा पडदा मनापासून आवडतो. मल्लेश्वरममधल्या घरी माझ्या टेबलावर सतरा इंची, जवळजवळ चौकोनी मॉनिटर आहे. तसे मॉनिटर आता दुकानांत नवे सहसा दिसत नाहीत. मी तो एस. पी. रोडवरून आणला. बेंगळुरूच्या या रस्त्यावर दोन्ही बाजूंना केबलींची भेंडोळी, सुटे मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या, आणि कचेऱ्यांनी बदलून टाकलेल्या मॉनिटरांच्या थप्प्या असतात. दुकानदाराने वायर जोडून दाखवली, पडदा उजळला, एकही ठिपका मेलेला नव्हता. आडवे १२८० ठिपके, उभे १०२४. आकडे ऐकताच माझ्या मनात भागाकार झाला. टर्मिनस नावाच्या फाँटातले सगळ्यात मोठे अक्षर सोळा ठिपके रुंद आणि बत्तीस ठिपके उंच असते. १२८० ला १६ ने भागले की ८०. १०२४ ला ३२ ने भागले की ३२. ऐंशी घरांची ओळ, बत्तीस ओळींचे पान, आणि कडेला एकही ठिपका वाया नाही. इतका नेमका मेळ बसलेला पाहून जो आनंद झाला, तो घरी येईपर्यंत रिक्षात पुरला.

ऐंशी हा आकडा या पडद्याच्या हाडीमांसी भिनलेला आहे. १९२८ साली आयबीएमने ऐंशी स्तंभांचे भोकांचे कार्ड काढले. माहिती कागदात छिद्रे पाडून साठवली जायची तो काळ. एका कार्डावर ऐंशी खुणा. कार्डे गेली, ओळीची लांबी राहिली. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या, १९८१ च्या आयबीएम पीसीवर ८० आणि २५. १९८७ मध्ये व्हीजीए हे पडद्याचे नवे मानक आले, तेव्हाही हेच मोजमाप पुढे चालले. त्या पडद्याचे पूर्ण पान ४००० बाइटांत मावत असे: दोन हजार घरे, प्रत्येक घराला एक बाइट अक्षराचा आणि एक बाइट रंगरूपाचा. एवढ्याशा जागेत माणसांनी हिशेब लिहिले, पत्रे लिहिली, प्रोग्रॅम लिहिले. बेंगळुरूत आज ज्यांचे केस पिकले आहेत अशा कितीतरी इंजिनियरांनी आपला धंदा याच दोन हजार घरांत शिकून घेतला.

आताच्या रुंद मॉनिटरवर मात्र हा पडदा जसा येतो तसा वाचवत नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर आठ बाय सोळाचे नेहमीचे अक्षर ठेवले तर एका ओळीत २४० अक्षरे होतात आणि ओळी होतात ६७. डोळा उजव्या टोकाला पोहोचतो आणि परत येताना कुठल्या ओळीवर यायचे तेच विसरतो. म्हणून मांडणी बदलावी लागते. डेबियन या लिनक्सच्या वितरणात कन्सोल-सेटअप हा प्रोग्रॅम नव्याने चालवला की निळ्या पार्श्वभूमीवर एक करडी चौकट उघडते आणि एकामागून एक प्रश्न विचारते. एन्कोडिंग कोणते? अक्षरसंच कोणता? फाँट कोणता? आकार केवढा? बाणाची कळ, टॅब, एंटर. उत्तरे एका छोट्याशा फाइलीत लिहिली जातात आणि पुढच्या वेळी यंत्र ती लक्षात ठेवून उठते. बारा बाय चोवीस निवडले तर रुंद पडद्यावर १६० स्तंभ आणि ४५ ओळी. सोळा बाय बत्तीस निवडले तर १२० आणि ३३. दोन आकडे निवडायचे असतात, पण ते निवडताना खुर्ची जिथे असते तिथे बसावे लागते, खांदे सैल सोडावे लागतात आणि न वाकता काय वाचता येते ते पाहावे लागते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारला, याचेच बरे वाटते.

टर्मिनस हा फाँट बल्गेरियातल्या दिमितर झेकोव यांनी घडवला. कन्सोलच्या अक्षराला वळणाची गणिते नसतात. ते थेट ठिपक्यांनी भरलेले असते: हा ठिपका पेटलेला, हा विझलेला. सोळा बाय बत्तीसच्या घरात ५१२ ठिपके, आणि त्यांतून एकच अक्षर उभे करायचे. लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा डोळ्याला वेगवेगळे दिसले पाहिजेत; शून्य आणि ओ यांची गल्लत होता कामा नये. कारण या पडद्यावर चुकीचे वाचलेले एक अक्षर म्हणजे चुकीची पुसलेली फाइल. टर्मिनसमधली अक्षरे मी जवळून, भिंग घेतल्यासारखी पाहिली आहेत. त्यांच्यात कुठे सजावट नाही, आणि तरी एस या अक्षराचे वळण तीन-चार ठिपक्यांच्या पायऱ्यांनी इतके अलगद उतरते की हात काढून घ्यावा कुठे हे त्या माणसाला नेमके कळले होते, असे वाटत राहते. पडद्यांवरचे ठिपके दाटत गेले तशी कन्सोलची अक्षरे वाचता न येण्याइतकी बारीक होऊ लागली. तेव्हा २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.० या आवृत्तीत हाच सोळा बाय बत्तीसचा टर्मिनस थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, घेतला गेला. आता मोठे अक्षर यंत्राच्या पहिल्या श्वासापासून सोबत असू शकते.

यंत्र सुरू होताना मी मुद्दाम पाहत बसतो. आधी एका मापाची अक्षरे भराभर खालून वर सरकतात. मग ग्राफिक्सचा भाग ताबा घेतो, पडदा एकदा मिटून उघडतो आणि त्याच ओळी वेगळ्या मापात येतात. थोड्या वेळाने आपण निवडलेला फाँट लागतो आणि अक्षरे तिसऱ्यांदा बदलतात, ठळक होतात, स्थिरावतात. त्या काही सेकंदांत पडदा एका माणसाच्या नजरेशी जुळवून घेत असतो.

रंगांचेही तसेच. या पडद्याला मुळात सोळा रंग. नेहमीचा करडा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही १७० इतके. गडद पिवळा यायला हवा त्या जागी तपकिरी येतो, कारण तिथे हिरव्याचे प्रमाण मुद्दाम निम्म्यावर आणलेले आहे. आयबीएमच्या जुन्या रंगीत मॉनिटरमध्ये तेवढ्यासाठी वेगळी जोडणी केलेली होती, आणि तो तपकिरी आजही लिनक्सच्या कन्सोलमध्ये टिकून आहे. हे सोळा रंग बदलता येतात. एका फाइलीत तीन ओळी लिहायच्या, लाल, हिरवा, निळा अशा, प्रत्येकीत सोळा आकडे. मी करड्यात थोडी ऊब आणली आहे, आणि गडद निळा उजळला आहे, कारण काळ्यावरचा तो निळा माझ्या डोळ्यांना दिसतच नसे. लुकलुकणारी रेघ हवी की भरीव चौकोन, पडदा किती वेळाने आपोआप मिटावा, हेही सांगता येते. मी मिटणे बंद ठेवले आहे. लिहिता लिहिता विचार करत बसलेल्या माणसाला पडद्याने घाई करू नये.

एवढे सगळे मनासारखे झाल्यावर एका प्रश्नापाशी मी थांबतो. अक्षरसंच कोणता? कन्सोलच्या फाँटात २५६ अक्षरे असतात, फार तर ५१२. ही मर्यादा व्हीजीएपासून आली. रंगरूपाच्या बाइटातला एक बिट मोडून तो अक्षरांच्या दुसऱ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवण्यासाठी वापरला की आणखी २५६ अक्षरे मिळतात. मात्र अक्षराचे सोळा रंग आठवर येतात. रंग द्यायचे आणि अक्षरे घ्यायची. या सौद्यात अनेक लिपींनी आपली जागा करून घेतली आहे. यादीत अरबी आहे, आर्मेनियन आहे, जॉर्जियन, ग्रीक, हिब्रू, थाई आणि लाओ आहेत, इथिओपियाची लिपी आहे, रशियनसह सिरिलिकचे निरनिराळे संच आहेत. देवनागरी नाही. कन्नड नाही. तमिळ, बंगाली, तेलुगू, मल्याळम, गुजराती, यांतली एकही नाही.

या नसण्याचा अर्थ मला जयनगरमध्ये कळला. तिथे राहणाऱ्या एका कन्नडभाषक मित्राच्या डेस्कटॉपवर एके रात्री खिडक्या उघडेनात. डिस्क धडधाकट होती, यंत्र उठत होते, फक्त रंगीत पडदा येत नव्हता. आम्ही कन्सोलवर गेलो, बाहेरची डिस्क जोडली आणि आधी महत्त्वाचे ते काढून घेऊ म्हणून त्याच्या फोल्डरांची यादी मागितली. त्याच्या वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणी, घराची कागदपत्रे, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळ्यांची नावे त्याने कन्नडमध्ये दिलेली होती. पडद्यावर नावांच्या जागी एकसारख्या खुणांच्या रांगा आल्या. एक रांग लांब, एक आखूड, एवढाच फरक. कुठली रांग म्हणजे वडील आणि कुठली म्हणजे घर, हे सांगायला पडद्यापाशी काही नव्हते. आम्ही सगळेच उचलून घेतले आणि काही गमावले नाही. यंत्राला प्रत्येक नाव क्रमांकांनी ठाऊक होते. समोर बसलेल्या मालकाला मात्र आपल्याच वडिलांचे नाव वाचता येत नव्हते. घरी येऊन मी माझ्या मराठी नावांच्या फोल्डरांची यादी कन्सोलवर काढली. तशाच खुणा, तशाच रांगा. खिडकीबाहेर ज्या दोन लिपी मला रोज वेगळ्या दिसतात, त्या तिथे एकाच चेहऱ्याच्या झाल्या होत्या.

आपली लिपी या घरांत का मावत नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. कन्सोलचा नियम सरळ: एक क्रमांक, एक घर, एक चित्र, डावीकडून उजवीकडे. 'कि' लिहिताना आपण आधी क देतो आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी क च्या आधी येते. उकार खाली उतरतो, मात्रा वर चढते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'स्त्री' हा एवढासा शब्द साठवताना सहा क्रमांकांचा होतो आणि डोळ्यांना एकच अक्षर दिसते. जोडाक्षरांच्या आकृत्या मोजायला गेले की ५१२ ची मर्यादा झपाट्याने भरत जाते. शिवाय र सडपातळ, ळ ऐसपैस. दोघांना सारखीच रुंदी दिली तर एक उघडा पडतो आणि दुसरा अवघडतो.

आणि शिरोरेषा. व्हीजीएचा अभ्यास करताना मला एक गोष्ट सापडली, ती मी कधी विसरणार नाही. त्या पडद्यावर अक्षराचे चित्र आठ ठिपके रुंद असे, पण घर नऊ ठिपक्यांचे. नववा उभा स्तंभ कोरा ठेवला जाई, म्हणजे शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटत नसत. याला एकच अपवाद होता. चौकटी आखण्याच्या रेघांची जी चिन्हे होती, त्यांच्यासाठी आठव्या स्तंभाचीच नक्कल नवव्यात उतरवली जाई, म्हणजे आडवी रेघ या घरातून त्या घरात न तुटता जाई. तक्त्यांच्या कडा सलग दिसाव्यात म्हणून यंत्र घडवणाऱ्यांनी ही सोय तारांमध्येच करून ठेवली होती. देवनागरीला नेमकी हीच सोय हवी होती. घरांमधली फट ओलांडणारी रेघ कशी काढायची हे त्या यंत्राला माहीत होते. त्या रेघेला अक्षरे लटकवणारी माणसेही जगात आहेत, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

आपल्याकडचे लेखक तर आधी रेघच ओढत. मोडी लिहिणारा कारकून कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आखून घेई आणि मग तिला खालून अक्षरे जोडत जाई. ओळ आधी, अक्षर नंतर. बेंगळुरूलाही असा मराठी कारभार नवा नाही. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. जयराम पिंड्ये यांनी 'राधामाधवविलासचंपू'मध्ये शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन केले आहे, आणि त्या ग्रंथात संस्कृतच्या जोडीला अनेक भाषांतली कवने आहेत. एका दरबारात अनेक भाषांचे कवी उभे राहत. मी राहतो त्या मल्लेश्वरममध्ये, काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी, व्यंकोजीराजांच्या १६६९ च्या दानाचा लेख आहे. या गावाने एकाहून जास्त भाषा फार पूर्वीपासून ऐकल्या आहेत, वाचल्या आहेत.

म्हणूनच जिस्टची, संगणकावर भारतीय लिपी उमटवणाऱ्या त्या तंत्राची, आठवण इथे बसून जास्त येते. कन्सोलसारख्या घरांच्या पडद्यावर भारतीय लिपी उभ्या राहणे अशक्य आहे, असे कुणी म्हणाले तर त्याला कानपूर आणि पुणे ही दोन नावे सांगावीत. आयआयटी कानपूरमध्ये तयार झालेला देवनागरी संगणक १९८३ मध्ये दिल्लीतल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांसमोर आला. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथे रुजले. जिस्ट कार्ड संगणकाच्या आत, एका खाचेत बसवायचे. मग वर्डस्टार किंवा डीबेससारखे डॉसवरचे प्रोग्रॅम, ज्यांच्या कर्त्यांनी देवनागरी कधी पाहिलीही नसेल, ते मराठी दाखवू लागत. प्रोग्रॅम बदलावा लागत नसे. वेलांटी जागेवर नेणे, जोडाक्षर बांधणे, शिरोरेषा जुळवणे, हे सगळे कार्ड सांभाळून घेई. युनिक्सच्या मोठ्या यंत्रांसाठी जिस्टची टर्मिनलेही होती. कॅप्स लॉक दाबले की इंग्रजीतून आपल्या लिपीत. म्हणजे काळ्या पडद्यावर, ओळींच्या आणि घरांच्या त्याच शिस्तीत, मराठी वाचता येत होती.

जिस्टच्या मुळाशी जी कल्पना होती ती मला अतिशय सुंदर वाटते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात, ज्याला इस्की म्हणतात, ब्राह्मीपासून निघालेल्या दहा लिपींना क्रमांकांची एकच मालिका दिली आहे. क म्हणजे एकच क्रमांक. तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये, तेलुगूत की बंगालीत, ही फक्त पडद्याची मांडणी. इनस्क्रिप्ट कळफलकावरही क ची कळ सगळ्या लिपींना एकच. मराठी टंकलेखकाची बोटे न शिकता कन्नड उमटवू शकत. युनिकोडने या लिपी वेगवेगळ्या केल्या, पण इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीतला क्रम तसाच ठेवला. म्हणून आजही देवनागरी क चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड क चा ३२२१, फरक ८९६. म घ्या, ळ घ्या, फरक तोच. सीमाभागाच्या वादात वाढलेल्या पिढीतला मी. बेंगळुरूत बसून हे वजाबाकीचे उत्तर पुन्हा पुन्हा तेच येताना पाहिले तेव्हा मनातली एक जुनी गाठ सैल झाली. आमच्या दोन भाषांमध्ये किती अंतर आहे, असे कुणी विचारले तर मी आता हा आकडा सांगतो.

पुढे खिडक्यांचे युग आले आणि काम तिकडे वळले. ते काम मोलाचे होते. बेंगळुरूत २००१ मध्ये 'लिनक्स बँगलोर' या नावाने सुरू झालेला आणि नंतर 'फॉस डॉट इन' झालेला मेळावा २०१२ पर्यंत भरत राहिला. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारी देशभरची माणसे तिथे भेटत. त्याच दशकात, २००४ मध्ये, रेड हॅटने लोहित फाँट मुक्तपणे खुले केले आणि लिनक्सच्या डेस्कटॉपवर आपल्या लिपी रुळल्या. आज ब्राउझरमध्ये, पत्रांत, फोनवर मराठी सहज दिसते, आणि ज्यांनी हे घडवले त्यांचे ऋण माझ्यावर रोज चढते. पण हे सारे रंगीत पडद्यापुरते झाले. डेबियन बसवताना याचा प्रत्यय येतो. चित्रांचा इन्स्टॉलर निवडला तर भाषांच्या यादीत मराठी असते. नुसत्या मजकुराचा इन्स्टॉलर निवडला की त्याच यादीतून मराठी गळून पडते. भाषांतर झालेले असते, वाक्ये तयार असतात. पडदा ती दाखवू शकत नाही.

कर्नलचे सगळे संदेश मराठीत यावेत, असे मी म्हणत नाही. ते इंग्रजीत असतात आणि जगभरचे इंजिनियर ते एकमेकांना वाचून दाखवतात, यात मोठी सोय आहे. माझे मागणे त्याहून लहान आहे आणि मला त्याहून जवळचे वाटते. माझ्या फाइलीचे नाव मला वाचता यावे. माझ्या मित्राला त्याच्या वडिलांच्या आठवणींचा फोल्डर ओळखता यावा. यंत्र अडचणीत असताना, जेव्हा फक्त काळा पडदा उरतो, तेव्हा माणूस जे वाचवायला धावतो त्याची नावे त्याच्याच भाषेत असतात.

रस्ता बंद नाही. कर्नलच्या आतला कन्सोल साधा ठेवून त्याच्या बाहेर, वापरकर्त्याच्या बाजूने कन्सोल रंगवण्याचे प्रयत्न झाले आहेत. केएमएसकॉन हा त्यांतला एक. तो पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरे काढू शकतो, म्हणजे ५१२ चे कुंपण तिथे उरत नाही. जोडाक्षराने किती घरे घ्यावीत, वेलांटी आली की लुकलुकणारी रेघ कुठे उभी राहावी, पुसण्याची कळ दाबली की काय पुसले जावे, हे प्रश्न उरतात. ते फाँट काढणाऱ्यांचे आहेत, लिपी जाणणाऱ्यांचे आहेत, आणि टर्मिनलवर दिवस काढणाऱ्यांचेही आहेत. या तिन्ही प्रकारची माणसे पुण्यात आणि बेंगळुरूत एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. सोळा बाय बत्तीसच्या घरात देवनागरी अक्षर मी स्वतः चौकटीच्या वहीत काढून पाहिले आहे. वरचे सहा-सात ठिपके मात्रेला, मग दोन ठिपक्यांची शिरोरेषा कडेपासून कडेपर्यंत, खाली उकाराला जागा. क छान बसतो. ळ ला दोन घरे द्यावीत असे माझे मत झाले आहे, आणि दिली तर तो फार देखणा दिसतो.

सगळे सुरळीत असताना येते ती लिपी पाहुणी, आणि पडत्या वेळी दारात उभी असते ती घरची. आपली लिपी संगणकाच्या रंगीत पडद्यावर थाटात वावरते, पण काळ्या पडद्यावर तिला अजून एक घरही मिळालेले नाही. ज्या समाजाने चाळीस वर्षांपूर्वी एका कार्डावर हे करून दाखवले, त्याला ते पुन्हा करणे जमेल, आणि या वेळी ते एका खाचेत बसवलेल्या कार्डावर न राहता सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मांडणीत आले पाहिजे. कन्सोल-सेटअपच्या त्या करड्या चौकटीत अक्षरसंचांची यादी येते, तिथे आर्मेनियन आणि जॉर्जियनच्या शेजारी देवनागरी आणि कन्नड ही दोन नावे लागोपाठ असावीत. जयनगरच्या मित्राने दुसरे निवडावे, मी पहिले, आणि आम्ही दोघांनी आकार मात्र एकच घ्यावा: सोळा बाय बत्तीस.